पे-स्लिपवरचं एक अक्षर

माझं काम पेरोल सॉफ्टवेअरचं. कुणाच्या पगारातून किती कर कापायचा याचे नियम कोडमध्ये लिहायचे, आणि महिनाअखेरीस कुणाला चार पैसे कमी मिळाले की त्याचं कारण शोधत बसायचं. गेली काही वर्षं आमच्या टीमकडे ब्रिटनमधलं काम आहे. मी इथे हैदराबादेत आणि काही सहकारी कार्डिफमध्ये.

अगदी सुरुवातीची गोष्ट. टेस्टिंगसाठी आम्ही तीन काल्पनिक कर्मचारी तयार केले होते. तिघांचाही पगार वर्षाला ६०,००० पाउंड. पहिला इंग्लंडमध्ये लीड्सला राहणारा, दुसरी स्कॉटलंडमध्ये एडिनबराला, तिसरा वेल्समध्ये कार्डिफला. पहिल्याचा टॅक्स कोड '१२५७-एल'. दुसरीच्या कोडच्या आधी 'एस' हे अक्षर. एस म्हणजे स्कॉटलंड, हे कळलं. तिसऱ्याच्या कोडच्या आधी मात्र 'सी'. वेल्सला 'डब्ल्यू' हवं ना? कुणीतरी टाइप करताना चुकलं असणार, असं समजून मी रीतसर बग नोंदवला.

दहा मिनिटांत कार्डिफच्या सहकारी बाईंचं उत्तर आलं, सोबत एक हसरा इमोजी. "चूक नाही. सी म्हणजे कम्री. आमच्या भाषेत आमच्या देशाचं नाव 'सी'ने सुरू होतं."

बग बंद केला, पण आकडे बघून पुन्हा डोकं खाजवलं. २०२४-२५ च्या दरांनी एडिनबराच्या बाईंचा कर लीड्सच्या माणसापेक्षा वर्षाला सुमारे १,८०० पाउंड जास्त येत होता. कार्डिफच्या माणसाचा कर मात्र लीड्सइतकाच, एका पेनीचाही फरक नाही. मग वेगळं अक्षर हवंच कशाला?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी बरंच वाचलं, आणि कामानिमित्त सहा आठवडे कार्डिफला राहूनही आले. एकाच देशात, एकाच राज्यव्यवस्थेखाली दोन छोट्या समाजांना घरचा कारभार किती वेगळ्या वाटांनी मिळाला, याची ती गोष्ट आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांनी ती ऐकावी असं मला वाटतं. का, ते शेवटी सांगते.

एकाची चूल वेगळी, दुसऱ्याची विझलेली

ब्रिटन म्हणजे इंग्लंड, असं आपण सहज बोलून जातो. कार्डिफमध्ये मी एकदाच तसं बोलले. पुन्हा नाही.

वेल्स इंग्लंडने जिंकून घेतला, १२८३ मध्ये. पुढे आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी, तो इंग्लंडच्या कारभारात पूर्ण मिसळला गेला. कायदा इंग्लंडचा, कोर्टाची भाषा इंग्रजी, आणि इंग्रजी न येणाऱ्याला सरकारी पद नाही. तेव्हापासून आजतागायत 'इंग्लंड आणि वेल्स' हे कायद्याच्या दृष्टीने एकच क्षेत्र आहे. ब्रिटनच्या झेंड्यात इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांचे क्रूस आहेत, वेल्सचं काहीही नाही. झेंडा तयार झाला तेव्हा वेल्स इंग्लंडमध्येच धरला जात होता.

स्कॉटलंडचं तसं नाही. १६०३ मध्ये स्कॉटलंडचाच राजा इंग्लंडच्या गादीवर बसला आणि १७०७ मध्ये करार होऊन दोन्ही पार्लमेंटं एक झाली. या करारात स्कॉटलंडने आपलं पार्लमेंट गमावलं, पण आपला कायदा, आपली कोर्टं आणि आपलं चर्च राखलं. शाळाही वेगळ्याच राहिल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर स्कॉटलंड एकत्र कुटुंबाच्या वाड्यात राहायला आला, पण चूल वेगळी ठेवून. वेल्सची चूल विझलेली होती. त्याच्याकडे उरली ती भाषा.

पुढची तीनशे वर्षं हा फरक टिकला. विसाव्या शतकात 'आमचा कारभार आम्ही बघू' अशी मागणी आली, तेव्हा स्कॉटलंडला फक्त पार्लमेंट परत हवं होतं, बाकीचं घर उभं होतं. वेल्सला पायापासून सुरुवात करायची होती.

सहा हजार सातशे एकवीस मतं

या अधिकार सोपवण्याला तिकडे 'डिव्होल्यूशन' म्हणतात. ब्रिटनला आपल्यासारखी एका ग्रंथात लिहिलेली राज्यघटना नाही. वेगवेगळे कायदे, न्यायालयांचे निकाल आणि रूढ संकेत मिळून तिथली घटना बनते, आणि लंडनमधलं वेस्टमिन्स्टरचं पार्लमेंट सर्वोच्च असतं. आपल्याकडे राज्यांचे अधिकार घटनेच्या सातव्या अनुसूचीत लिहिलेले आहेत. तिथे ते वेस्टमिन्स्टरने साध्या कायद्याने दिलेले आहेत.

पहिला प्रयत्न १ मार्च १९७९ ला झाला. वेल्समध्ये सार्वमतात जवळजवळ ८० टक्के लोकांनी 'नको' म्हटलं. स्कॉटलंडमध्ये ५१.६ टक्के 'हवं' म्हणाले, पण एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा अशी अट होती. तो आकडा ३२.९ वरच अडला, आणि बहुमत मिळूनही काही हाती आलं नाही.

अठरा वर्षांनी, १९९७ च्या सप्टेंबरमध्ये, पुन्हा विचारलं गेलं. ११ तारखेला स्कॉटलंडमध्ये ७४.३ टक्के लोकांनी पार्लमेंट मागितलं. कराचे दर काही प्रमाणात बदलण्याचा अधिकारही ६३.५ टक्के लोकांनी मागून घेतला. आठवड्याने, १८ तारखेला, वेल्सने मत दिलं. रात्रभर मोजणी चालली आणि बराच वेळ 'नको'चं पारडं जड होतं. पहाटे सगळ्यात शेवटी कारमार्थनशायरचा निकाल आला आणि पारडं फिरलं. ५०.३ टक्के 'हवं'. फरक अवघ्या ६,७२१ मतांचा. आपल्याकडे एखाद्या विधानसभा मतदारसंघात असतो, तेवढा!

यादीत काय लिहायचं?

१९९९ मध्ये दोन्हीकडे सभागृहं भरली. एडिनबराला १२९ सदस्यांचं पार्लमेंट, कार्डिफला ६० सदस्यांची असेम्ब्ली. बाहेरून दोन्ही सारखी वाटली तरी आतून फार वेगळी होती.

आमच्या क्षेत्रात नेटवर्कची सुरक्षा दोन प्रकारे लावतात. एका प्रकारात 'यादीत असेल तेवढंच आत येऊ दे' असा नियम असतो. दुसऱ्यात 'यादीत असेल तेवढं अडव, बाकी सगळं येऊ दे'. वरवर बघता एकच गोष्ट, पण यादीत नसलेलं काही दाराशी आलं की फरक कळतो.

स्कॉटलंडला दुसरा प्रकार मिळाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन अशा राखीव विषयांची यादी वेस्टमिन्स्टरने केली. यादीत नाही ते सगळं स्कॉटलंडचं. शिक्षण, आरोग्य, पोलीस, कोर्टं, सगळं. वेल्सला पहिला प्रकार मिळाला, तोही अर्धवट. सुरुवातीला कार्डिफला मूळ कायदा करण्याचा अधिकारच नव्हता. वेस्टमिन्स्टरच्या कायद्यांखालचे नियम तेवढे ठरवायचे.

सार्वजनिक जागी धूम्रपानावर बंदी घालावी असं मत वेल्सच्या असेम्ब्लीने २००३ मध्येच दिलं होतं, पण कायदा करता येत नव्हता. स्कॉटलंडने स्वतःचा कायदा केला आणि मार्च २००६ मध्ये बंदी लागू केली. वेल्समध्ये ती आली एप्रिल २००७ मध्ये, वेस्टमिन्स्टरने वाट मोकळी करून दिल्यावर.

मग वेल्स एकेक पायरी चढत गेला. २००६ चा कायदा झाला. २०११ च्या सार्वमतात ६३.५ टक्के लोकांनी कायदे करण्याचा पूर्ण अधिकार मागितला. म्हणजे १९९७ मध्ये जेमतेम 'हो' म्हणणारा समाज चौदा वर्षांत मोठ्या बहुमताने 'अजून द्या' म्हणू लागला. पण यादीचा घोळ होताच. शेतमजुरांच्या वेतनाचा विषय घ्या. शेती वेल्सच्या यादीत होती. नोकरी आणि कामगार कायद्याचा विषय यादीत नव्हता, आणि अपवादांतही नव्हता. मग शेतमजुराची मजुरी शेतीत धरायची की नोकरीत? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ मध्ये निकाल वेल्सच्या बाजूने लागला. अखेर २०१७ च्या कायद्याने वेल्सलाही स्कॉटलंडसारखी राखीव विषयांची यादी मिळाली. ती २०१८ पासून लागू आहे. २०२० मध्ये असेम्ब्लीचं नाव बदलून 'सेनेद' झालं. सेनेद म्हणजे वेल्शमध्ये पार्लमेंट.

तरीही वेल्सची यादी स्कॉटलंडपेक्षा लांबलचक आहे. पोलीस आणि कोर्टं आजही लंडनकडेच. १५३६ साली विझलेली चूल अजून पूर्ण पेटलेली नाही.

मात्र मिळालं तेवढं वेल्सने हुशारीने वापरलं. दुकानातल्या पिशवीला पैसे लावण्याचा नियम ब्रिटनमध्ये सगळ्यात आधी वेल्सने केला, २०११ मध्ये. मग स्कॉटलंड, मग इंग्लंड. माणूस गेल्यावर, त्याने आधी नकार नोंदवला नसेल तर अवयवदानाला संमती आहे असं धरण्याची पद्धतही वेल्सने २०१५ मध्ये आधी आणली. बाकीचे नंतर त्याच वाटेने आले.

पुन्हा पे-स्लिपकडे

आता माझे तीन काल्पनिक कर्मचारी. स्कॉटलंड पगारावरच्या कराचे दर आणि टप्पे दोन्ही ठरवू शकतो. इंग्लंडमध्ये २०, ४० आणि ४५ टक्के असे तीन दर आहेत, तर स्कॉटलंडमध्ये १९ पासून ४८ टक्क्यांपर्यंत सहा. त्यामुळे जास्त पगारवाल्याला तिथे जास्त कर पडतो. त्याच स्कॉटलंडमध्ये तिथल्याच विद्यार्थ्यांना पहिल्या पदवीसाठी विद्यापीठाची फी भरावी लागत नाही.

वेल्सला टप्पे बदलता येत नाहीत. २०१९ पासून लंडन प्रत्येक दरातले दहा टक्के सोडून देतं आणि त्या जागी किती लावायचे ते सेनेद ठरवतं. आतापर्यंत सेनेदने दर वर्षी दहाच लावले आहेत. म्हणून बेरीज तीच येते. अक्षर वेगळं, रक्कम तीच. पण दर वर्षी ती रक्कम तीच राहावी, हे कार्डिफमध्ये मत देऊन ठरतं.

मधल्या संसदेच्या हातातली कळ

२०१४ साल आपण हैदराबादकर विसरणार नाही. २ जूनला तेलंगण वेगळं झालं. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला स्कॉटलंडने 'ब्रिटनमधून बाहेर पडायचं का' यावर मत दिलं. सोळा वर्षांच्या मुलांनाही मताधिकार होता, मतदान ८४.६ टक्के झालं, आणि ५५.३ टक्के लोक 'नाही' म्हणाले.

राज्याची सीमा बदलणं आणि देश सोडणं या एक गोष्टी नव्हेत. पण निर्णय कुणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे होता. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद राज्याच्या विधानसभेचं मत विचारते, पण ते तिच्यावर बंधनकारक नसतं. आंध्र विधानसभेने विधेयक फेटाळलं होतं, तरी संसदेने ते मंजूर केलं. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमताला लंडनची संमती होती. पुढच्या सार्वमताला ती मिळेना, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की स्कॉटिश पार्लमेंटला असा कायदा स्वतःहून करता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये तर एडिनबराने मंजूर केलेलं एक विधेयक लंडनने पहिल्यांदाच अडवलं. अधिकार कितीही सोपवले, तरी कळ मधल्या संसदेच्या हातात राहते.

घरपट्टीचं बिल

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते.

अधिकार जास्त कुणाकडे? स्कॉटलंडकडे. मग भाषा कुणाची जास्त टिकली? २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे सुमारे ५७,००० होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास. वेल्समध्ये २०२१ साली वेल्श बोलणारे सुमारे ५,३८,००० होते, १७.८ टक्के.

तुलना अगदी सरळ नाही. गेलिक कित्येक शतकांपासून मुख्यतः डोंगराळ भाग आणि बेटांची भाषा होती. स्कॉटिश माणसाला आपली ओळख दाखवायला कायदा होता, चर्च होतं. वेल्श माणसाकडे भाषाच होती, म्हणून त्याने ती धरून ठेवली. आणि हे धरून ठेवणं १९९९ च्या खूप आधी, कुठलाही अधिकार हातात नसताना सुरू झालं.

१९३९ मध्ये अॅबरिस्टविथला पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली. खाजगी होती आणि विद्यार्थी होते सात. १९५२ मध्ये लानेल्लीजवळच्या गावात आयलीन आणि ट्रेव्हर बीझली हे जोडपं राहत होतं. ट्रेव्हर कोळसा खाणीत कामाला. घरपट्टीचं बिल इंग्रजीत आलं. दोघं म्हणाले, वेल्शमध्ये बिल द्या, लगेच भरतो. कौन्सिलने नकार दिला. पुन्हा पुन्हा कोर्टाची बोलावणी आली, जप्तीवाले येऊन घरातलं सामान उचलून घेऊन गेले. हे आठ वर्षं चाललं. १९६० मध्ये बिल आलं, दोन्ही भाषांत.

त्याच सुमारास लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून वेल्समधलं कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव धरणाखाली गेलं. वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलं नव्हतं, तरी वेस्टमिन्स्टरने कायदा केला. शाळा, प्रार्थनाघर, शेतं, सगळं १९६५ पर्यंत पाण्यात. त्या रागातून चळवळ वाढली. १९६७ मध्ये पहिला वेल्श भाषा कायदा झाला, १९७१ मध्ये पालकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या वेल्श बालवाड्यांची संघटना उभी राहिली, १९८२ मध्ये एस-फोर-सी ही वेल्श टीव्ही वाहिनी सुरू झाली. कार्डिफची असेम्ब्ली यानंतर सतरा वर्षांनी आली.

हे वाचल्यावर मला त्या 'सी'चा अर्थ लागला. १९६० मध्ये एका खाणकामगाराच्या घरी घरपट्टीचं बिल वेल्शमध्ये आलं, आणि २०१९ पासून वेल्समधल्या प्रत्येक नोकरदाराच्या कराच्या कोडवर त्याच भाषेतलं अक्षर आहे.

पण एवढ्याने काम झालं असंही नाही. कार्डिफच्या रस्त्यांवर 'स्लो'च्या जोडीला 'अराव' रंगवलेलं असतं, पाट्या दोन भाषांत असतात, २०५० पर्यंत दहा लाख वेल्शभाषक करायचं सरकारी उद्दिष्ट आहे. तरी २०११ ते २०२१ मध्ये टक्का १९ वरून १७.८ वर आला, आणि घट मुख्यतः लहान मुलांत दिसली. कायदा पाटी लावू शकतो. घरात कुणी बोलायचं ते घरच ठरवतं.

माझ्या त्या सहकारी बाईंची आजी वेल्श बोलायची. आईला समजायची, बोलता येत नव्हती. स्वतः बाईंना चार गाणी यायची. त्यांचा मुलगा आता वेल्श शाळेत जातो आणि जेवताना आईचे उच्चार सुधारतो. हे सांगताना त्या हसत होत्या, पण मी जरा गप्प झाले.

कारण माझी सात वर्षांची लेक मराठी समजते, थोडी बोलते, वाचत मात्र नाही. आजी व्हॉट्सॲपवर देवनागरीत लिहिते तेव्हा ती फोन माझ्याकडे देते, "मम्मा, आजीला सांग ना, व्हॉइस नोट पाठव." आजी बिचारी पाठवते. पण हे असंच चाललं तर आजीने लिहिलेलं कुठलंही पत्र, कुठलीही पाककृती तिला कधी वाचता येणार नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांत हे होईल, आणि कुठल्या सरकारने काही हिरावून घेतलेलं नसताना होईल. दोष माझाच. संध्याकाळी दमून आल्यावर जी भाषा आधी तोंडात येईल तीच मी बोलते.

आपण इथे वेगळी असेम्ब्ली मागत नाही, मागायचं कारणही नाही. पण सात मुलांची शाळा काढायला असेम्ब्ली लागत नाही. म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती करते. रविवारी सकाळी मंडळाचा हॉल रिकामा असतो. तिथे दोन तास मुलांना मराठी वाचायला-लिहायला शिकवू. पाठ्यपुस्तक नको, परीक्षा नको. आजी-आजोबांनी आपल्या हाताने लिहिलेल्या चार ओळी मुलांनी वाचायच्या आणि त्यांना उत्तर लिहायचं. पहिले तीन महिने शिकवायची जबाबदारी मी घेते.

माझ्या लेकीचं नाव पहिलं लिहून घ्या. अजून सहा हवीत.